आंतरराज्य बदल्या, मुलांचे शिक्षण आणि केंद्रीय विद्यालये

स्वातंत्र्योत्तर काळात केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आंतरराज्य बदल्यांमुळे त्यांच्या पाल्यांच्या शिक्षणाचा प्रश्न निर्माण झाला. राज्य बदलले की माध्यम व अभ्यासक्रम दोन्ही बदलत. दुसऱ्या केंद्रीय वेतन आयोगाच्या शिफारशीनुसार नोव्हेंबर १९६२ मध्ये स्वतंत्र शाळांच्या योजनेस मान्यता मिळाली. १९६३-६४ मध्ये २० रेजिमेंटल शाळा ‘सेंट्रल स्कूल’ म्हणून केंद्राने चालविण्यास घेतल्या. पुढे त्यांनाच केंद्रीय विद्यालय हे नाव मिळाले. समान अभ्यासक्रम आणि हिंदी-इंग्रजी माध्यम यांमुळे शिक्षणातील खंड टळला. तथापि, पुण्याहून मद्रासला गेलेल्या मराठी मुलाच्या शिक्षणाचे माध्यम ना मराठी होते, ना तमिळ. परिणामी मायबोली टिकविण्याची आणि नव्या प्रदेशाशी नाते जोडण्याची जबाबदारी प्रामुख्याने कुटुंबावरच राहिली.