शुद्धलेखनाची शिक्षा आणि शिक्षण

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सीफर्ड नावाचे एक लहानसे गाव आहे. इ. स. १८९६ मध्ये तेथील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केली. मुलगा तल्लख होता. ७४९ ला ८६७ ने गुणावयास सांगताच त्याने अचूक उत्तर काढले. परंतु सातव्या वर्षापासून शिकत असूनही त्याला साधे शब्द धड लिहिता येत नसत. स्वतःच्या नावातील अक्षरांचीही तो अदलाबदल करी. सारे शिक्षण तोंडी असते तर हाच शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते.

अशा मुलाच्या वाट्याला शाळेत सहसा दोनच विशेषणे येत : मठ्ठ किंवा आळशी. ग्लासगोचे नेत्रवैद्य जेम्स हिन्शेलवुड यांनी १८९५ मध्ये, वाचनशक्ती एकाएकी गमावलेल्या एका प्रौढाविषयी लिहिले होते. ते वाचून मॉर्गन यांना सुचले की, हे 'शब्दांधत्व' जन्मजातही असू शकेल. मुलाची दृष्टी चांगली होती आणि बुद्धीही. दोष त्याच्या वृत्तीत नव्हता, ही गोष्ट प्रथमच स्पष्टपणे मांडली गेली.

निदान झाले, तरी उपाय मिळावयास बराच काळ जावा लागला. चुकलेला शब्द दहा वेळा लिहून काढणे हा शाळेचा जुना उपाय. त्याने हात दुखतो. पण कोणत्या ध्वनीला कोणते अक्षर, हे नाते मनात जुळत नाही. अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन यांनी १९२५ पासून या प्रश्नाचा पाठपुरावा केला, आणि त्यांच्या विचारांच्या आधारे ॲना गिलिंगहॅम व बेसी स्टिलमन यांनी १९३० नंतरच्या दशकात अध्यापनाची एक पद्धत बसविली. तिच्यात एकेक ध्वनी व त्याचे अक्षर क्रमाने शिकवीत. मुलाने शब्द ऐकावयाचा, स्वतः उच्चारावयाचा, मग प्रत्येक अक्षराचे नाव घेत तो लिहावयाचा. ग्रेस फर्नाल्ड यांनी तर मोठ्या अक्षरांतील शब्द बोटाने गिरवून घेतले. ज्या महाराष्ट्रात धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरविली जात, त्याला ही कल्पना परकी वाटू नये.

वाचन सुधारले तरी लेखनातील चुका मागे रेंगाळतात. वाचताना शब्द ओळखला की पुरते. लिहिताना त्याचा प्रत्येक अवयव आठवावा लागतो. मराठीत ध्वनी व अक्षर यांचे नाते इंग्रजीपेक्षा सरळ खरे. तथापि जोडाक्षरे आहेत, ऱ्हस्व-दीर्घ आहेत, आणि उच्चारात व्यंजनानंतर येणारी इकाराची वेलांटी कागदावर त्याच्या आधी उभी असते.

भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा अध्ययन-अक्षमतेस मान्यता दिली. परंतु कायदा वर्गात पोहोचतो तो शिक्षकाच्या हातूनच. चुकांनी भरलेली वही समोर आली असता शिक्षा करावयाची की शिकवावयाचे, याचा निर्णय तेथे रोज होत असतो. आणि एखाद्या मुलाचे स्वतःविषयीचे मत त्यावरच ठरते.