रहस्यकथा आणि खिळ्यांची पेटी

मंडळी, नरसोबाची वाडी हाकेच्या अंतरावर असलेल्या या शिरोळात रहस्यकथेवर व्याख्यान द्यावे, हे काहींना खटकेल. पण ज्या कामगारांत आमची हयात गेली, त्यांतील पुष्कळांना वाचनाची गोडी याच पुस्तकांनी लावली. शाळा सुटल्यावर आमची अक्षरे पुसली गेली नाहीत, तीही यांच्यामुळेच.

या प्रांताचे अनभिषिक्त राजे बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६). मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. धनंजय, झुंजार, काळापहाड हे त्यांचे नायक, आणि पुस्तके हजारावर. १९७० नंतर गुरुनाथ नाईक पुढे आले. त्यांचीही संख्या हजार ओलांडून गेली. एवढे लिहायचे तर साचा आलाच, आणि विद्वानांनी त्या साच्यालाच झोडपले. आम्हाला ते पटत नाही. कीर्तनात हरिश्चंद्राचे पुढे काय होणार, हे कोणाला ठाऊक नसते? झुंजार सुटणार हे जाणूनच वाचक पैसे मोजतो. कसा सुटतो, हे त्याला पाहायचे असते.

गोडी मरते ती निराळ्या जागी. एका संपात, वीज गेलेल्या रात्री, आम्ही कंदिलाशी बसून एक पुस्तक मोठ्याने वाचत होतो. आरंभी नायकाच्या उजव्या हाताचे हाड मोडले, आणि थोड्याच वेळाने त्याच हाताने दोर धरून तो कडा उतरला! एक हमाल म्हणाला, "परत वाचा, तुमचं चुकलं." आमचे चुकले नव्हते. पण पुढे कोणाचे लक्ष लागेना.

चुका थोरांच्याही होतात. कॉनन डॉयलच्या वॉटसनची जखम १८८७च्या कादंबरीत खांद्याला आहे, १८९०च्या कादंबरीत पायाला. वाचकांनी ते हसून सोडून दिले, कारण त्या जखमेवर कोणताच उलगडा अवलंबून नव्हता. एरवी रहस्यकथेचा वाचक प्रत्येक बारकावा पुरावा म्हणून जपून ठेवतो. साडेसाताचे साडेआठ छापले गेले, की तो खोट्या मागावर जातो आणि शेवटी स्वतःलाच अडाणी समजतो. सामाजिक कादंबरीत असली चूक खपून जाते. येथे ती वाचकाची फसवणूक ठरते.

दोष खिळे जुळवणाऱ्याच्या माथी मारायची रीत होती. आम्ही त्याची बाजू घेणारच, पण कारणही आहे. छोट्या छापखान्यात खिळे मोजके. एक फर्मा छापून, खिळे सोडवून परत पेटीत टाकावेत, तेव्हा पुढचा जुळायचा. शेवटचे पान हाती येई तोवर पहिले मोडलेले असे. ताडून पाहणार कशाशी? त्यात मजुरी पानावर, आणि खर्चाला कात्री लावायची वेळ आली की पहिला घरी जाई तो मुद्रितशोधक.

आता संगणकावर खिळ्यांचा तुटवडा नाही. आरंभापासून अखेरपर्यंत सगळे पुस्तक समोर असते. तरी मोडके हात दोर धरीतच आहेत; मुद्रितशोधकाला मात्र कोणी परत बोलावलेले नाही.

तो हमाल दुसऱ्या रात्री पुन्हा आला. "अर्नाळकरांचं काही आहे का?" म्हणाला.