मिठाच्या पाण्यांतला वाद

शाळेच्या प्रयोगशाळेंत एक साधा प्रयोग करून दाखवितात. एका पेल्यांत साखरेचें पाणी व दुसऱ्यांत मिठाचें पाणी घेऊन त्यांत बॅटरीच्या तारा बुडवितात. साखरेच्या पाण्यानें दिवा लागत नाहीं. मिठाच्या पाण्यानें लागतो. 'मिठाचे आयन पाण्यांत सुटे असतात व ते वीज वाहून नेतात' हें वाक्य वहींत उतरवून विद्यार्थी पुढच्या धड्याकडे वळतो. परंतु ह्या एका वाक्यापर्यंत पोंचण्यास शास्त्रज्ञांना ८७ वर्षें लागलीं, आणि ज्या तरुणानें तें सिद्ध केलें त्याची विद्यापीठांतील उमेद त्यापायीं जवळजवळ संपुष्टांत आली होती, हें त्याला सहसा कोणी सांगत नाहीं.

१८०० सालीं व्होल्टाच्या विद्युत्-घटाची वार्ता लंडनला पोंचतांच निकल्सन व कार्लाइल ह्यांनीं विजेच्या योगानें पाण्यापासून हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे केले. १८०७ सालीं डेव्हीनें ह्याच मार्गानें पोटॅशियम व सोडियम हे नवे धातु मिळविले. पुढें १८३३-३४ च्या सुमारास फॅरडेनें किती विजेनें किती पदार्थ सुटतो ह्याचे नियम बसविले, आणि 'जाणारा' अशा अर्थाचा आयन हा ग्रीक शब्द रूढ केला. तथापि हे आयन प्रवाहच निर्माण करतो, अशी फॅरडेची समजूत होती. ती खरी असती, तर रेणु फोडण्याइतका जोर येईपर्यंत प्रवाह मुळींच वाहतां ना. पण द्रावणांतून अगदीं क्षीण प्रवाहही वाहतो. ही विसंगति १८५७ सालीं क्लॉसियसनें दाखविली व द्रावणांत थोडेसे सुटे भाग आधींपासूनच असले पाहिजेत, असें सुचविलें. थोडेसे म्हणण्यापलीकडे मात्र तोही गेला नाहीं.

स्वीडनमधील स्वांते अऱ्हेनियस हा २५ वर्षांचा तरुण १८८४ सालीं ह्याच विषयावरील प्रबंध घेऊन उप्साला विद्यापीठापुढें आला. द्रावणांत पाणी वाढवीत गेलें म्हणजे तितक्याच क्षाराची वाहकता वाढत जाते, असें त्याला मोजमापांत आढळलें होतें. ह्यावरून विरळ द्रावणांत 'क्रियाशील' रेणूंचें प्रमाण अधिक असतें, असें त्यानें प्रतिपादिलें. रसायनाचे प्राध्यापक क्लेवे ह्यांना आपला नवा सिद्धांत सांगावयास गेलों असतां त्यांनीं दोन शब्दांत निरोप दिला, अशी आठवण त्यानें पुढें सांगितली आहे. प्रबंध नापास झाला नाहीं. परंतु श्रेणी इतकी हलकी मिळाली कीं विद्यापीठांत अध्यापक होण्याची वाट जवळजवळ बंद झाली.

परीक्षकांना केवळ हटवादी म्हणणें अन्यायाचें होईल. त्या प्रबंधांत सुट्या आयनांची कल्पना अजून स्पष्ट झालेली नव्हती. आणि ती स्पष्ट झाल्यावरही नामांकित रसायनशास्त्रज्ञांची शंका राहिलीच. सोडियम पाण्यांत टाकतांच भडकून उठतें, क्लोरिन हा तर विषारी वायु. मग हीं दोन्हीं मिठाच्या पाण्यांत सुटीं नांदतात असें शहाण्या माणसानें कसें मानावें?

अऱ्हेनियसनें प्रबंधाच्या प्रती परदेशीं धाडल्या. रीगा येथील ओस्टवाल्ड आम्लांच्या जोराचीं मोजमापें करीत होता. आम्ल जितकें जोरकस तितकी त्याची वाहकता अधिक, हें पाहून तो स्वतः उप्सालास येऊन ह्या तरुणास भेटला. परक्या पंडिताच्या ह्या सन्मानानें स्वदेशींचें दारही उघडलें. इकडे हॉलंडांत व्हांट हॉफला असें आढळलें होतें कीं, विरळ द्रावणांत साखरेचे जितके कण अपेक्षावे तितकेच भरतात, मिठाचे मात्र जवळजवळ दुप्पट. एक रेणु फुटून दोन आयन होत असतील, तर हें कोडें सुटतें. वाहकतेवरून काढलेलें विघटनाचें प्रमाण आणि गोठणबिंदूवरून काढलेलें प्रमाण बहुतेक द्रावणांत जुळतें, हें अऱ्हेनियसनें १८८७ सालीं दाखविलें. शंकेचें उत्तरही आतां मिळालें: विद्युद्भार असलेला सोडियमचा आयन आणि सोडियम धातु ह्यांचे गुणधर्म अगदीं भिन्न आहेत.

१९०३ सालीं त्याला रसायनाचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या पारितोषिकाच्या समितींत क्लेवेही होते. काळानें घेतलेला हा सूड नव्हे. पुराव्यापुढें मत बदलण्याचें मोठेपण त्यांत आहे. अऱ्हेनियसची कल्पनाही शेवटची ठरली नाहीं. १९१३ सालीं ब्रॅग पितापुत्रांनीं क्ष-किरणांनीं मिठाचा स्फटिक तपासला, तेव्हां त्यांत मिठाचा स्वतंत्र रेणु असा आढळलाच नाहीं. घन मिठांतही आयनच असतात. पाणी त्यांना निर्माण करीत नाहीं, केवळ मोकळें करतें.

म्हणून एखाद्या विद्यार्थ्यानें 'मग त्या पाण्यांतलें सोडियम पेट कां घेत नाहीं?' असें विचारल्यास गुरुजींनीं धडा संपविण्याची घाई करूं नये. तो प्रश्न अडाणीपणाचा नाहीं. अऱ्हेनियसच्या काळच्या थोर रसायनशास्त्रज्ञांनीं नेमका तोच विचारला होता, आणि त्याचें उत्तर शोधण्यांतच हें शास्त्र वाढलें.