अमेरिकी बेसबॉलमधील धूरविरहित तंबाखू आणि प्रशिक्षकाची भूमिका : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

एकोणिसाव्या शतकापासून तंबाखू चघळणे हे अमेरिकेतील बेसबॉल-संस्कृतीचे एक अंग बनले होते. धुळीच्या मैदानावर तोंड ओले राहावे व थुंकीने चामडी हातमोजा मऊ व्हावा, या गरजेतून ही सवय रूढ झाली आणि वरिष्ठांच्या अनुकरणातून ती तरुण खेळाडूंमध्ये झिरपली. ही परंपरा मोडण्याच्या प्रयत्नांत प्रशिक्षकाचे स्थान कोणते होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१९७० च्या दशकात नामांकित खेळाडूंच्या जाहिरातींनी ओठ व हिरडीच्या मध्ये धरावयाच्या ओल्या तपकिरीस युवकांत प्रतिष्ठा मिळवून दिली. १९८४ मध्ये ओक्लाहोमा राज्यातील, तपकिरीचे व्यसन जडलेला एक धावपटू वयाच्या अवघ्या १९ व्या वर्षी मुखकर्करोगाने मरण पावला. १९८६ मध्ये सर्जन जनरलच्या अहवालाने धूरविरहित तंबाखू व मुखकर्करोग यांतील कार्यकारणसंबंध मान्य केला. त्याच वर्षी रेडिओ व दूरचित्रवाणीवरील अशा जाहिराती कायद्याने बंद झाल्या.

पुढील निर्बंध क्रीडासंघटनांनी घातले. १९९३ मध्ये कनिष्ठ व्यावसायिक साखळ्यांत आणि १९९४ मध्ये महाविद्यालयीन स्पर्धांत तंबाखूवर बंदी आली. या दोन्ही नियमांत खेळाडूंबरोबर प्रशिक्षकांचाही समावेश होता, ही बाब महत्त्वाची आहे. सर्वोच्च साखळीत मात्र खेळाडूंच्या संघटनेची संमती आवश्यक असल्याने, केवळ नवोदितांपुरती बंदी येण्यास २०१६ साल उजाडले. परिणामी, मैदानावर निषिद्ध ठरलेली गोष्ट तरुणांना दूरचित्रवाणीवर आपल्या आदर्शांच्या तोंडात दिसतच राहिली.

टोनी ग्विन यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. हे थोर फलंदाज निवृत्तीनंतर सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक होते. लाळग्रंथीच्या कर्करोगाने २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले. दीर्घकाळच्या तपकिरीमुळेच हा आजार जडला, अशी त्यांची धारणा होती. लाळग्रंथीच्या कर्करोगाबाबत हा संबंध वैद्यकशास्त्राने निर्विवादपणे सिद्ध केलेला नाही. तथापि त्यांच्या निधनानंतर त्यांचे विद्यार्थी, गोलंदाज स्टीफन स्ट्रासबर्ग यांनी ही सवय सोडण्याचा निर्धार जाहीर केला.

सारांश, नियमाने मैदानावरील वर्तनास मर्यादा पडते. मैदानाबाहेर सवय टिकते की सुटते, हे बव्हंशी अनुकरणावर अवलंबून असते. म्हणूनच शालेय व महाविद्यालयीन स्तरावर प्रशिक्षकाचे स्वतःचे तंबाखूमुक्त आचरण हे प्रतिबंधाचे पहिले साधन ठरते. ते नसेल, तर त्याचा उपदेश निष्प्रभ होतो.