पळून गेलेले पाळक



योनाची गोष्ट आपल्याकडे संडेस्कूलमध्येच तोंडपाठ होते. देवाने नीनवेला जा म्हटले. योना याफोला उतरला, भाडे भरले आणि तार्शीशच्या जहाजात बसला. मुलांना मोठा मासा आवडतो. मोठ्यांनी त्या भाड्याकडेही लक्ष द्यावे असे आम्हांला वाटते. आज मात्र योनाची गोष्ट स्वतःला लावून घेणाऱ्या एका पाळकाविषयी लिहीत आहोत.

हे पाळक म्हणजे चौथ्या शतकातील नाझियान्झसचे ग्रेगरी. आजच्या तुर्कस्तानात जो कप्पदुकिया प्रांत होता (प्रेषितांची कृत्ये दुसऱ्या अध्यायात आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात त्याचे नाव येते), तिथे नाझियान्झस हे लहानसे गाव होते. ग्रेगरींचे वडील तिथले बिशप. त्यांचेही नाव ग्रेगरी. वडील आधी दुसऱ्याच एका पंथात होते; पत्नी नोन्ना हिच्या प्रार्थनांमुळे ते ख्रिस्ताकडे आले. मुलगा होण्याआधीच नोन्नाने त्याला देवाला वाहिले होते, अगदी हन्नेने शमुवेलाला वाहिले तसे. म्हणजे पाचारण जन्माआधीचे.

पुढे शिक्षणासाठी तरुण ग्रेगरी आलेक्सांद्रियाहून अथेन्सला निघाले असता सायप्रसजवळ समुद्रात भयंकर वादळ झाले. त्यांचा बाप्तिस्मा अजून झालेला नव्हता. बाप्तिस्म्याविना मरण येणार या भीतीने ते ओक्साबोक्शी रडले आणि वाचलो तर हे आयुष्य तुझेच, असा नवस त्यांनी देवाला केला. जहाज वाचले. अथेन्समध्ये बेसिल हा जिवाभावाचा मित्र मिळाला. घरी परतल्यावर त्यांना एकांत, वाचन आणि प्रार्थना एवढेच हवे होते.

३६१ च्या अखेरीस किंवा ३६२ च्या आरंभी म्हाताऱ्या वडिलांनी मंडळीच्या आग्रहाने मुलाला पाळकपणाची दीक्षा दिली. मुलाला ती नको होती. पुढे त्यांनी या प्रसंगाला जुलूम म्हटले. दीक्षा होताच ते घर, मंडळी आणि ऐंशीच्या घरातले वडील यांना सोडून पाँत प्रांतात बेसिलकडे निघून गेले.

वेळ कोणती होती तेही पाहा. साम्राज्याच्या गादीवर जुलियन नुकताच आला होता. ख्रिस्ती घरात वाढलेला हा सम्राट जुन्या देवांकडे परत वळला होता आणि ख्रिस्तसभेची घडी विस्कटू पाहत होता. अथेन्समध्ये तो ग्रेगरींच्याच काळात शिकायला होता. अशा दिवसांत गावच्या मंडळीने ज्याच्यावर डोळे लावले तोच गेला. एकांताची ओढ खरी असेल, नम्रताही खरी असेल. तरी मागे राहिलेल्यांच्या वाट्याला काय आले हा प्रश्न उरतोच.

३६२ च्या ईस्टरला ग्रेगरी परत आले. मंडळी नाराज होती. त्यांनी उपदेश केला, पण पुढे ऐकायला लोक येईनात, तेव्हा तुम्हीच बोलावलेत आणि तुम्हीच येत नाही अशी तक्रार त्यांनी उपदेशातच केली. (आमच्याकडच्या काही पाळकांना हे वाचून बरे वाटेल!) मग त्यांनी आपल्या पलायनाचा जबाब लिहून काढला. शंभराहून अधिक परिच्छेदांचा हा लेख आहे. एवढा सगळा एका उपासनेत कोणी वाचून दाखवला असेल असे वाटत नाही.

पळण्याची कारणे ते त्यात लपवत नाहीत. एकांताची आवड होती. हात न धुता पवित्र गोष्टींना हात घालणाऱ्या, पदासाठी धक्काबुक्की करणाऱ्या लोकांची लाज वाटत होती. आणि भीती होती. शरीराचा वैद्य नाडी पाहतो, औषध देतो. आत्म्याच्या वैद्याचा रोगी मात्र आपला आजार लपवतो आणि वैद्याशीच भांडतो. एकाला कठोर शब्द लागतो, दुसरा त्याच शब्दाने मोडून पडतो. हे काम मला कसे पेलणार, असे ते विचारतात. पाळकीय सेवेविषयी पुढे योहान ख्रिसोस्तोम आणि रोमचे पोप ग्रेगरी यांनी जी पुस्तके लिहिली, त्यांच्यामागे हा जबाब उभा आहे. त्या पोपनाही, सेवेचे ओझे टाळायला तुम्ही लपलात, हे ऐकून घ्यावे लागले होते.

मग लेखात योना येतो. ग्रेगरी योनाची बाजू घेतात. देवापासून लपता येत नाही हे संदेष्ट्याला माहीत नसेल कसे? इस्राएलाची कृपा परराष्ट्रीयांकडे जाणार हे दिसल्याने तो व्याकूळ झाला असावा, असे ते सांगतात. आणि लगेच म्हणतात की योनाला काहीतरी सबब होती, मला कोणती? अपात्रतेची भीती मोठी, पण आज्ञाभंगाची भीती तिच्याहून मोठी. आईवडिलांचे म्हातारपण आणि लोकांची ओढ यांनीही त्यांना परत आणले.

इथे गोष्ट संपली असती तर सोपे झाले असते. पण ३७२ मध्ये बेसिल, आता कैसरियाचे बिशप, यांनी त्यांना सासिमा या धुळीच्या, रहदारीच्या नाक्यावरच्या गावाचे बिशप केले. ग्रेगरींनी अभिषेक घेतला, पण गावाचा कारभार कधी हाती घेतलाच नाही; पुन्हा पळाले. आमच्या मते इथे दोष दोघांचा आहे. बेसिलने मित्राला सोंगटीसारखे वापरले, आणि ग्रेगरींनी नको असलेल्या गोष्टीला आधी मान तुकवली. जन्मभर ते त्याबद्दल बेसिललाच बोल लावत राहिले.

त्याची किंमत नऊ वर्षांनी समोर आली. ३७९ पासून कॉन्स्टँटिनोपलमध्ये, अनास्तासिया नावाच्या एका लहानशा प्रार्थनामंदिरात, दगडांचा मार खाऊन त्यांनी त्रैक्याचा विश्वास शिकवला आणि मूठभर मंडळी पुन्हा उभी केली. ३८१ च्या महासभेत ते अध्यक्षपदापर्यंत पोहोचले. तेव्हा इजिप्त व मासेदोनियाच्या बिशपांनी हरकत घेतली की हे तर सासिमाचे बिशप, आणि निकियाच्या नियमाप्रमाणे बिशपला गाव बदलता येत नाही. ज्या गावाची सेवा त्यांनी कधी केली नाही, तेच गाव आडवे आले.

ग्रेगरींना पुन्हा योना आठवला. मी वादळ उठवलेले नाही, पण जहाज वाचणार असेल तर मला समुद्रात टाका, असे त्यांनी सभेला सांगितले आणि राजधानीचे पद सोडले. वादळाशी आपला काहीच संबंध नाही हे त्यांचे म्हणणे आम्हांला पूर्ण पटत नाही. योनाने तर ते आपल्यामुळेच आले हे खलाशांना उघड सांगितले होते.

राजधानीतून ते नाझियान्झसलाच आले. वडील ३७४ मध्येच वारले होते आणि तिथे बिशप नव्हता. प्रकृती ढासळलेली, सतत आजारपण. तरीही ज्या मंडळीला सोडून ते तरुणपणी पळाले होते, तिचा भार त्यांनी ३८३ पर्यंत वाहिला, आणि त्यांचेच नातलग युलालियस बिशप झाल्यावर अरियान्झसच्या आपल्या घरी गेले.