ग्रॅव्हल सायकलच्या टायरची कसोटी : रस्ता रानशेतचा

पालघर जिल्ह्यात डहाणू आणि चारोटी यांच्या दरम्यान वसलेल्या रानशेतच्या परिसरात सायकलस्वाराला एकाच सकाळी चार प्रकारचे रस्ते भेटतात. डांबरी मार्ग सोडून पाड्याकडे वळले की प्रथम दाबलेल्या खडीचा रस्ता लागतो. पुढे तांबूस मुरूम सुरू होतो आणि शेवटी भातखाचरांच्या कडेची पाऊलवाट उरते. पहिल्या टप्प्यात उत्तम धावणारा टायर शेवटच्या टप्प्यात निरुपयोगी ठरू शकतो आणि याच्या उलटही घडू शकते. म्हणूनच 'सर्वांत वेगवान टायर कोणता?' या प्रश्नापेक्षा 'कोणत्या रस्त्यावर, किती हवेवर आणि किती ओझ्यासह?' हा प्रश्न अधिक योग्य होय. टायरच्या चाचणीचे शास्त्र याच प्रश्नाभोवती उभे आहे.

ग्रॅव्हल सायकल म्हणजे काय?

शर्यतीच्या सायकलचे वाकडे हँडल आणि खडबडीत वाट पेलणारा रुंद टायर यांचा मेळ म्हणजे ग्रॅव्हल सायकल. हिच्या टायरची रुंदी साधारणपणे 35 ते 50 मि.मी. असते. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात 2006 साली सुरू झालेल्या आणि आज 'अनबाउंड ग्रॅव्हल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शर्यतीने हा प्रकार लोकप्रिय केला. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची या प्रकारातील पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 2022 मध्ये इटलीतील व्हेनेतो प्रांतात झाली.

टायर घेताना त्याच्या कडेवरील आकडे आधी वाचावेत. '40-622' याचा अर्थ टायरची रुंदी 40 मि.मी. आणि ज्या रिमवर तो बसतो तिचा व्यास 622 मि.मी. असा आहे. आपल्याकडील पारंपरिक काळ्या सायकलच्या 28 × 1½ मापाच्या रिमचा व्यास 635 मि.मी. असतो. दोन्ही चाके दिसायला जवळपास सारखी असली, तरी एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही.

प्रयोगशाळेतील आकडा

रबर जमिनीवर दबते तेव्हा ऊर्जा घेते आणि मूळ आकारात येताना ती सगळी परत देत नाही. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. या तोट्याला 'रोलिंग रेझिस्टन्स' म्हणजे घरंगळण्याचा रोध म्हणतात. प्रयोगशाळेत भार दिलेले चाक फिरत्या लोखंडी ढोलावर टेकवून हा रोध मोजतात. अशा एका प्रसिद्ध चाचणीमालिकेत 77 सें.मी. व्यासाचा ढोल, त्यावर उठावाची नक्षी असलेला पत्रा, 42.5 किलो भार आणि ताशी सुमारे 29 कि.मी. वेग वापरला जातो.

या रोधाचा गुणांक लहानसा दिसतो, पण पायांना तो चांगलाच जाणवतो. स्वार, सायकल आणि सामान मिळून 85 किलो वजन असेल आणि वेग ताशी 20 कि.मी. असेल, तर 0.006 गुणांकाला सुमारे 28 वॉट शक्ती खर्च होते. गुणांक 0.012 झाला की हाच खर्च 56 वॉटवर जातो. साधारण स्वाराच्या दिवसभराच्या ताकदीचा विचार करता हा फरक मोठा आहे.

परंतु ढोल लोखंडाचा असतो आणि तो जागचा हलत नाही. खडीवर मात्र दगड सरकतो, माती दबते आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्वाराचे शरीर हादरते. हे हादरे जिरवताना स्नायूंत जी ऊर्जा वाया जाते ती ढोलाला मोजता येत नाही. अमेरिकेतील 'बायसिकल क्वार्टर्ली' या नियतकालिकाने 2006 च्या सुमारास प्रत्यक्ष रस्त्यावर चाचण्या घेण्यास सुरुवात केली. मऊ केसिंगचा, म्हणजे रबराच्या आत लवचीक धाग्यांचे कापड असलेला रुंद टायर अरुंद टायरपेक्षा मंद असतोच असे नाही, हा विचार त्यातून पुढे आला. 'हवा जितकी घट्ट, सायकल तितकी हलकी' हा समज त्यामुळे मागे पडला.

हवेचा दाब

मागच्या चाकावर 45 किलो भार असेल आणि हवा 35 पीएसआय असेल, तर टायर जमिनीला सुमारे 18 चौरस सें.मी. एवढ्या जागेत टेकतो. केसिंगचा ताठरपणा यात धरलेला नाही. हवा 70 पीएसआय केली की ही जागा निम्मी होते. गुळगुळीत डांबरावर त्याचा थोडा फायदा होईल. खडीवर मात्र चाक प्रत्येक दगडावर उडू लागते, वेग घटतो आणि पकड सुटते. एका मर्यादेपलीकडे दाब वाढवल्यास रोध कमी होण्याऐवजी वाढू लागतो. पृष्ठभाग जितका खडबडीत, तितकी ही मर्यादा खाली येते.

दाब फार कमी करणेही धोक्याचे असते. दगडावर आपटताच रिम थेट टेकते आणि ट्यूबला सापाच्या दंशासारखी दोन भोके पडतात. म्हणून चाचणी मधल्या दाबापासून सुरू करावी. दर वेळी 3 ते 5 पीएसआय हवा कमी करत जावे आणि रिम टेकू लागली की एक पायरी वर यावे. रिमच्या कडेला टायर अडकवणारी खाच नसेल, म्हणजे ती 'हुकलेस' प्रकारची असेल, तर 5 बार म्हणजे सुमारे 72 पीएसआय ही कमाल मर्यादा कधीही ओलांडू नये. टायर किंवा रिमवर याहून कमी आकडा छापलेला असल्यास तोच पाळावा.

उन्हाचाही हिशेब ठेवावा लागतो. सकाळी 25 अंश तापमानात 35 पीएसआय भरलेला टायर 40 अंशांपर्यंत तापला, तर दाब सुमारे अडीच पीएसआयने वाढतो. सकाळी एक टायर आणि दुपारी दुसरा तपासला, तर फरक टायरचा की उन्हाचा हे कळणार नाही.

रस्त्यावरील चाचणी

रानशेतसारख्या परिसरात सर्वांत सोपी चाचणी उतारावरची. वाहनांची वर्दळ नसलेला, सौम्य उताराचा आणि पुढे सपाट होणारा रस्ता निवडावा. राज्यमार्गावर हा प्रयोग करू नये. पाड्याच्या रस्त्यावरही गुरे आणि मुले नाहीत याची खात्री करावी. वर चुन्याची रेघ मारून तेथून पॅडल न मारता, धक्का न देता सायकल सोडावी. ती जिथे थांबेल तिथे खूण करावी. बसण्याची ढब, कपडे, पाण्याची बाटली, सामान यांत काहीही बदलू नये.

अशा चाचणीत वारा हा मुख्य शत्रू असतो. किनाऱ्यापासून फार दूर नसलेल्या या पट्ट्यात दिवस चढला की समुद्राकडून वारा वाहू लागतो. त्यामुळे पहाटेनंतरचा निवांत वेळ उत्तम. दोन टायरांची तुलना करताना पहिला, दुसरा, दुसरा, पहिला असा क्रम ठेवावा. त्यामुळे हळूहळू बदलणाऱ्या वाऱ्याचा व तापमानाचा परिणाम दोघांवर जवळपास सारखा होतो.

निकाल वाचण्याचा नियम साधा आहे. एकाच टायरच्या चार फेऱ्यांतच पाच मीटरचा फरक पडत असेल, तर दोन टायरांमधील तीन मीटरच्या फरकाला अर्थ नाही. ज्यांच्याकडे पॅडलची शक्ती मोजणारे यंत्र आहे, त्यांनी ठरावीक शक्तीने एकच वळसा वारंवार मारून वेळ मोजावा. मात्र वर सांगितलेला नियम तेथेही लागू आहेच.

पकड, चिखल आणि काटा

वेग हा टायरचा एकच गुण झाला. कोरड्या मुरमावर सूक्ष्म खडे गोळ्यांसारखे घरंगळतात आणि तेथे टायरच्या कडेच्या नक्षीचे उंचवटे वळणावर आधार देतात. मधली नक्षी सपाट असेल तर डांबरावर आवाज व रोध कमी होतो. पकड तपासताना रिकाम्या जागेत, कमी वेगात, त्याच खुणेपासून ब्रेक लावून थांबण्याचे अंतर मोजावे.

पावसाळ्यात हिशेब पूर्ण बदलतो. भातखाचरांकडेचा चिकट चिखल नक्षीत भरला की उंचवटे असून नसल्यासारखे होतात. टायर आणि फ्रेम यांच्यात निदान 6 मि.मी. मोकळी जागा नसेल, तर चाक जागीच अडते. म्हणून येथे मावेल तेवढा रुंद टायर बसवण्यापेक्षा थोडा अरुंद आणि विरळ नक्षीचा टायर अधिक उपयोगी पडतो.

काट्यांची परीक्षा कोणत्याही ढोलावर होत नाही. कुंपणासाठी तोडलेल्या बोरी-बाभळीच्या फांद्यांचे काटे वाटेवर पडलेले असतात, तर फुटलेल्या काळ्या दगडाची धार टायरची बाजू कापते. ट्यूबविरहित टायरमधील द्रवरूप सीलंट काट्याचे भोक बुजवतो, पण बाजूचा लांब चिरा बुजवू शकत नाही. उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकतो, हेही ध्यानात ठेवावे. वजनाने हलका आणि ढोलावर अव्वल ठरलेला टायर पातळ बाजूंमुळे याच ठिकाणी हार खातो. त्यामुळे प्रत्येक टायरच्या नावापुढे कि.मी., पंक्चरची संख्या, जागा आणि कारण यांची वही ठेवणे आवश्यक आहे. काहीशे किलोमीटरची अशी वही एका दिवसाच्या चाचणीपेक्षा अधिक सांगते.

रोजच्या सायकलसाठी

ग्रॅव्हल सायकल हा हौसेचा आणि खर्चाचा विषय आहे. त्या मुरमाच्या वाटांवरून रोज जाणारी सायकल बहुधा साधी असते. कोणी तिच्यावरून शाळेला जाते, कोणी कामाला. राज्यात मानव विकास कार्यक्रमांतर्गत विद्यार्थिनींना सायकलसाठी अर्थसाहाय्य दिले जाते. त्या सायकलचा टायर दर आठवड्याला पंक्चर होऊ लागला, तर शाळाच चुकते. येथे काही वॉट वाचण्यापेक्षा वेळेवर पोहोचणे मोलाचे असते.

सुदैवाने चाचणीची पद्धत दोघांसाठी एकच आहे. त्यासाठी दाबमापक असलेला पंप, चुन्याची रेघ, मोजपट्टी आणि वही एवढेच पुरते. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस 2414 या सायकल व रिक्षा टायरच्या मानकाची खूण पाहून टायर घ्यावा. कंपनीने कडेवर छापलेल्या मर्यादेत राहून हवा भरावी. खडीचा रस्ता असेल, तर ठेचून हवा भरण्याचा मोह टाळावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती लिहून ठेवावी. टायरच्या वेष्टनावरचा आकडा दुसऱ्याच रस्त्यावर मोजलेला असतो. आपल्या रस्त्याचा आकडा आपल्यालाच मोजावा लागतो.