चिकपेट

पुण्याच्या माणसाला बेंगळुरूतली चिकपेट परकी वाटत नाही. अरुंद बोळ, रेशमी साड्यांची दुकाने, गिऱ्हाइकाला ओढणारे नोकर. शब्दही घरचाच. कन्नड ‘पेटे’, तमिळ ‘पेट्टै’, तेच आपले ‘पेठ’. ‘चिक्क’ म्हणजे धाकटे, जसे चिक्कमगळूर. थोरली ती दोड्डपेटे. केंपेगौडाने 1537 साली वसवलेल्या गावाचे हे दोन मुख्य रस्ते. 1638 नंतर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले.

पुण्याने पेठांना वार आणि माणसांची नावे दिली. बेंगळुरूने माल पाहिला: अक्कीपेटे तांदळाची, अरळेपेटे कापसाची. व्यापाऱ्याला हेच सोयीचे! दोड्डपेटेचा मात्र इंग्रजी अमदानीत ‘अॅव्हेन्यू रोड’ झाला. धाकटीने नाव राखले.